न केलेल्या दोन आंघोळी

दरवर्षी २६ जूनला आमच्या कोल्हापुरात समतेवर भाषणं होतात. शाहू महाराजांची जयंती, शिवाय राज्याचा सामाजिक न्याय दिन. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतात, प्रभातफेऱ्या निघतात, आणि सातवी-आठवीतली मुलं पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणून टाकतात. इतिहास आणि मराठी शिकवत होते तोवर अशी कितीतरी भाषणं मी बसवून घेतली. भाषणं वाईट नसतातच. पण त्यांत समता इतकी सोपी वाटते, की ती आणायला एवढा मोठा राजा कशाला लागला, असा प्रश्न एखाद्या हुशार पोराला पडावा.

असा प्रश्न पडलेली एक मुलगी गेलं वर्षभर माझ्याकडे अधूनमधून येते. माझीच जुनी विद्यार्थिनी, राहते इथेच शाहूपुरीत. वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत. घरातून पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. आता समाजशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे ते तिच्या घरातलं आहे.

तिला धर्म, समाज आणि समता या विषयावर मोठा निबंध लिहायचा होता. वाचन भरपूर झालेलं होतं. एमिल दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९१२ च्या आपल्या ग्रंथात म्हणतो, की पवित्र आणि लौकिक अशी वस्तूंची दोन गटांत वाटणी करणं हे सगळ्या धर्मांचं लक्षण आहे. लुई द्युमाँने १९६६ मध्ये जातिव्यवस्थेवर पुस्तक लिहिलं, आणि शुद्ध-अशुद्धाचा भेद हाच जातींच्या उतरंडीचा पाया आहे असं मांडलं. हे सगळं तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं. वही मिटून ती म्हणाली, "बाई, समजतंय सगळं. पण हे कुठंतरी लांब घडल्यासारखं वाटतंय. कोल्हापुरातलं एखादं सांगा की."

मी तिला दोन आंघोळींची गोष्ट सांगितली. म्हणजे न केलेल्या दोन आंघोळींची.

पहिली बहुतेकांना माहीत आहे. १८९९ च्या सुमाराची गोष्ट. कार्तिक महिना, पहाटेची वेळ, पंचगंगेचा घाट. महाराज स्नानाला गेलेले. पंचविशीतला राजा, गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झालेली. सोबत मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. भटजी मंत्र म्हणत होते ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे शास्त्रीबुवांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ते महाराजांना दाखवून दिलं. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळालं, की शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असतात. आणि भटजींनी स्वतः आंघोळही केलेली नव्हती. पुराणोक्त मंत्रांना तिची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं.

छत्रपतींच्या गादीवरचा माणूस कार्तिकातल्या गार पाण्यात उभा, आणि त्याला मंत्र सांगणारा कोरडा. भटजींच्या मनात त्या वेळी राग असेलच असं नाही. त्यांना ते रोजचंच वाटत असणार, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं. समोरच्यासाठी आंघोळीची तसदी घ्यावी एवढीही त्याची पायरी नाही, हे न बोलता ठरून गेलेलं होतं.

पुढे वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करायचं नाकारलं, १९०२ मध्ये त्यांचं वतन जप्त झालं, वर्तमानपत्रांतून रणं माजली. हे सगळं पुस्तकांत आहे.

इथे माझ्या विद्यार्थिनीने मला अडवलं. म्हणाली, "बाई, खरं सांगू काय? ह्यात समता कुठं आली? महाराजांनी स्वतःला क्षत्रिय म्हणवून घेतलं आणि वरच्या पायरीचा मान मागितला. श्रीनिवासांनी ह्यालाच संस्कृतीकरण म्हटलंय." एम. एन. श्रीनिवासांनी कूर्ग लोकांवरच्या १९५२ च्या ग्रंथात हा शब्द रूढ केला. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांचे आचार उचलून वर सरकू पाहतात, असा त्याचा साधारण अर्थ.

प्रश्न रास्त होता. वेदोक्ताच्या मागणीपाशीच महाराज थांबले असते, तर ही एका राजाच्या मानापमानाची गोष्ट झाली असती. शिडीवर आपण एक पायरी चढायची, खालच्यांनी खालीच राहायचं. अशा लढाया आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत आणि अजून होतात. पण महाराज तिथे थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. १९२० च्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, आणि महाराज स्वतः तिथे गेले. आपल्याला लागलेला चटका दुसऱ्यालाही लागतो, आणि त्याला तो जास्त लागतो, हे ज्याला कळलं त्याची ही वाटचाल आहे. तिने वहीत फक्त एवढंच लिहून घेतलं: 'स्वतःसाठी की सगळ्यांसाठी, हे नंतरच्या वीस वर्षांवरून ठरवायचं.' मला ते आवडलं.

आता दुसरी आंघोळ. ही विद्यार्थ्याची आहे.

शाहूपुरीतून व्हीनस कॉर्नरवरून दसरा चौकात गेलं, की आजूबाजूला बोर्डिंगं दिसतात. मुस्लिम बोर्डिंग, दिगंबर जैन बोर्डिंग, लिंगायतांचं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढच्या वीस वर्षांत एकेका समाजाचं वसतिगृह उभं राहत गेलं. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात राहायला जागा हवी आणि पोटाला दोन घास हवेत, हे महाराजांनी ओळखलं होतं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं.

त्या वेळी कुंभोजचा एक जैन मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरात होता आणि जैन बोर्डिंगात राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. पुढचे कर्मवीर. चरित्रांतून येणारी हकीकत अशी, की मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करायला सांगण्यात आलं. अस्पृश्यांच्यात जाऊन आलास, आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. त्याने आंघोळ करायला नकार दिला. प्रकरण वाढलं आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं.

आंघोळ भटजींनीही केली नाही आणि भाऊरावांनीही केली नाही. बाहेरून पाहिलं तर कृती एकच. भटजींनी केली नाही कारण समोरचा त्यांना कमी वाटला. भाऊरावांनी केली नाही कारण समोरचा त्यांना बरोबरीचा वाटला. मी तिला म्हटलं, तुझ्या दुर्खीमचं आणि द्युमाँचं मला फारसं कळत नाही, पण कुठलाही विधी, कुठलंही सोवळंओवळं समोर आलं की एवढंच विचारावं, हे समोरच्या माणसाबद्दल काय म्हणतं आहे? ज्याला मनापासून पहाटे नदीत बुडी मारायची आहे त्याने खुशाल मारावी. तिने देवाची आठवण होते की शेजारच्याची पायरी दाखवली जाते, हे मात्र पाहायलाच हवं.

तिने पुन्हा शंका काढली. जातवार बोर्डिंगं काढली म्हणूनच हा प्रसंग आला ना? सगळ्यांचं एकच काढलं असतं तर? मुलं प्रश्न विचारायला लागली की शिक्षकाला बरं वाटतं, निवृत्त झाला तरी. मी म्हटलं, १९०१ साली सगळ्यांचं एक बोर्डिंग काढलं असतं तर त्यात कोण राहिलं असतं? आईबापांनी पोरं पाठवली नसती, आणि अस्पृश्यांच्या पोरांना तर कुणी टिकूच दिलं नसतं. आधी प्रत्येकाला पाय ठेवायला जागा, मग एकत्र यायची भाषा, असा तो क्रम होता. पण तो क्रम पुढे सरकला, हे महत्त्वाचं. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सरसकट शाळांत बसवायचा हुकूम काढला. त्याच वर्षी भाऊरावांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. एका पंगतीतून उठवलेल्या मुलाने सगळ्यांची पंगत मांडली आणि तिला नाव दिलं ते महाराजांचं. त्या पंगतीतल्या पोरांना दोन घास मिळावेत म्हणून लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे रयतच्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला विचारा.

लक्ष्मीबाईंचं नाव निघालं तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, ह्या दोन्ही आंघोळी पुरुषांच्या झाल्या. तिसरी आमची. ती करायलाच लागते. चौथ्या दिवशी."

ती काय म्हणते आहे ते मला लगेच कळलं. तिच्या घरात अजून पाळतात. त्या दिवसांत तिने देवघराकडे फिरकायचं नाही, पाण्याच्या घागरीला हात लावायचा नाही, झोपायचं वेगळं. दिवसभर विद्यापीठात समतेवरची टिपणं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन पाणी मागून प्यायचं. तिने मला सबरीमलाचा निकाल दाखवला. २८ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या वयाच्या स्त्रियांना त्या देवळात प्रवेश दिला, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात स्त्रियांना असं दूर ठेवणं हे अस्पृश्यतेचंच एक रूप आहे असं म्हटलं होतं. पुढे २०१९ मध्ये पुनर्विचाराच्या अर्जांवरून त्यातले मोठे प्रश्न आणखी मोठ्या खंडपीठाकडे गेले. ती म्हणाली, "कोर्टात एवढा काथ्याकूट. आमच्या घरी आजीच्या एका शब्दावर होतं सगळं."

हा विषय माझ्या ओळखीचा. वर्गशिक्षिकेच्या हाती हजेरीपट असतो. वर्षानुवर्षं हजेरी मांडली की दिसायला लागतं, आठवी-नववीतली अमुक मुलगी दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस गैरहजर. काही जणी शाळेत धड सोय नाही म्हणून, काही जणी घरच्यांनी बसवलं म्हणून. महिन्याला तीन दिवस म्हणजे वर्षाचे किती पाठ बुडाले, हिशेब कुणीही करावा. समतेचा धडा ज्या दिवशी शिकवला त्या दिवशीही कुणी ना कुणी बाजूला बसलेली असणारच.

तिला मी भाऊरावांसारखी नकार दे, असं म्हटलं नाही. तीच म्हणाली, "भाऊरावांना बोर्डिंगातून काढलं तर छत्रपतींचा आधार होता. मला घरातून बोललं तर मी कुठं जाऊ? आणि आजीला दुखवून?" ही आजी साधी नाही. मुलगी बारावीला होती तेव्हा लग्नाची बोलणी आली होती. आजीनेच ती परतवली. कॉलेजची पहिली फी आजीच्या पाटल्या मोडून भरली. ज्या हातांनी शिकवलं तेच हात घागर बाजूला सारतात. समतेच्या भाषणात असली माणसं येत नाहीत. तिथे सगळे दुष्ट किंवा सगळे महात्मे. विद्यार्थ्याला खरा पेच पडतो तो प्रेमाच्या माणसाशी.

मी तिला गंगाराम कांबळ्यांची आठवण दिली. महाराजांच्या पागेतला नोकर. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराज बाहेरगावाहून परत आले तेव्हा मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. त्याने भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. पण अस्पृश्याच्या हॉटेलात चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. नुसता हुकूम काढून ते घरी बसले नाहीत. ज्याला वेगळं काही करायचं आहे त्याच्या बाजूला कुणीतरी उघडपणे उभं राहावं लागतं. तेव्हा राजा होता. आता ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आणि म्हाताऱ्या शिक्षकांचं. मी म्हटलं, तुझ्या आजीला घेऊन ये माझ्याकडे चहाला.

आजी आल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि नातीने त्यांना दोन्ही आंघोळींची गोष्ट सांगितली. आजींनी मन लावून ऐकली. महाराजांचं नाव आलं की हात जोडले. शेवटी म्हणाल्या, "ते राजं हुतं बाळा. आपण कोण?" आणि उठल्या.

पण पुढच्या दोन महिन्यांत एक गंमत झाली. आजींचे गुडघे फारच दुखायला लागले, आई शिवणकामाला बाहेर जाऊ लागली, आणि पाणी भरायला घरात कुणी उरेना. एक दिवस आजीच म्हणाल्या, "भर तूच. आता कोण बघतंय." त्या दिवसापासून घागरीचा नियम गेला. मला वाटलं पोरगी खूश असेल. ती म्हणाली, "बाई, ही समता नव्हे. ही अडचण आहे."

आणि भाद्रपदात तिचं म्हणणं खरं ठरलं. गौरी आणायच्या होत्या. नेमके तिचे ते दिवस. पाहुणे आलेले, घरात बायका भरपूर, कामाला हात भरपूर, त्यामुळे तिची गरज नव्हती. पंचगंगेवरून गौरीचं पाणी आणायला चुलत बहीण गेली आणि ही दोन दिवस आतल्या खोलीत बसली. घागरीपुरता गेलेला विटाळ पाहुण्यांबरोबर परत आला.

त्यानंतर तिने जे लिहिलं ते तिच्या निबंधातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिच्या म्हणण्याचा सारांश असा: सोयीने मोडलेली रूढी सोयीने परत येते. एस.टी.त शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही, हॉटेलात कप कुणी विसळला हे पाहत नाही, पण लग्नाची बोलणी निघाली की सगळं जिथल्या तिथे. कारण एस.टी.ने आणि हॉटेलाने सवय मोडली, मनातली पायरी तशीच राहिली. तिचा विचार करून, ती चुकीची आहे असं म्हणून कुणी ती काढलीच नव्हती. म्हणून शिकायचं, म्हणून हे विषय वाचायचे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मला समाजशास्त्राचा उपयोग इतक्या साध्या शब्दांत कुणी सांगितला नव्हता.

निबंध लिहून झाल्यावर तिने घरी आजीला स्पष्ट सांगितलं, की पुढच्या वर्षी गौरीचं पाणी मी आणणार, दिवस कुठलेही असोत. भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. गौरीला अजून नऊ-दहा महिने होते, म्हणजे आजीला विचार करायला वेळ होता. आजी बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "आण. पण मला सांगू नगंस, तुझे कुठले दिवस हायत ते."

ती माझ्याकडे आली ती हिरमुसूनच. "बाई, हे तर अर्धंच झालं. लपवूनच करायचं की."

अर्धंच आहे, यात शंका नाही. पण १९०१ चं जातवार बोर्डिंगही अर्धंच होतं, आणि ते अर्धं आहे हे ज्यांच्या ध्यानात राहिलं त्यांनी पुढचं केलं. अर्ध्यालाच पूर्ण समजून हार घातले की मात्र तिथेच मुक्काम पडतो. तिच्या ध्यानात आहे, एवढं मला पुरेसं वाटलं. आणि वाती वळता वळता त्या म्हातारीने किती लांबचा पल्ला मारला, हेही तिला कधीतरी, थोडं वय झाल्यावर, कळेल.

असो. निबंध तिने मुदतीत दिला. पंचगंगेची आंघोळ आहे त्यात, भाऊरावांची आहे, आणि 'एका घरातील निरीक्षण' म्हणून तिसरीही आहे. कुणाचं घर ते लिहिलेलं नाही. मार्क किती पडले ते अजून कळायचं आहे.